म्हशीच्या शेपटीपाशी लाल दिवे

मंगळवार, संध्याकाळ

डोकं उठलंय नुसतं. गाड्यांच्या या जुन्या गेमचं इंजिन तसं दिलदार. सगळ्या फायली उघड्या, कुठंही हात घाला. नवे गेम तर रस्त्याचा रंगसुद्धा बदलू देत नाहीत. म्हणून तर यात आपल्या दिवाळी पाडव्याच्या शर्यतीतल्या म्हशी घालायला बसलो, मालकाच्या मोटारसायकलमागं पळणाऱ्या. पण याला रस्त्यावर पळणारं म्हणजे गाडीच ठाऊक, जनावर नाहीच! मग काय, ट्रकवरच म्हशीचं कातडं चढवलं. नाव दिलं आपल्या चंद्रीचं. पळते झकास, पण सिग्नलला थांबते, आणि थांबली की शेपटीपाशी दोन लाल दिवे लागतात. आठवडा झाला, दिवे काही केल्या जात नाहीत.

आज आबा दूध घालून आले, त्यांना दाखवलं. पोट धरून हसले. "म्हस हाय का डंपर ही?"

ओशाळून म्हटलं, "आबा, दिवे काढतो मी."

आबांनी स्क्रीनवरच्या दिव्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ देत की. गेल्या साली खऱ्या चंद्रीला असलं दिवं असतं, तर मागनं आलेल्या टेम्पोला दिसली असती."

दिवे ठेवलेत. हॉर्नही बसवलाय.