ताईचा घसा

९ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आईची खोली फिनेलने धुऊन काढली. आरोग्य खात्याच्या ऑफिसात साहेब खूश आहेत, साथ आटोक्यात आली म्हणून माझी पाठ थोपटतात. वाचून तुला मिरच्या झोंबल्या तर झोंबू देत.

तुम्ही नर्सेस घरोघर जाऊन जखमा बांधणाऱ्या. तुमच्याच पेशंटची कातडी रातोरात काळी पडून मांस सडायला लागलं, तेव्हा कारण शोधायला मला पाठवलं. मी पाणी तपासलं, कात्र्या तपासल्या, कापसाचे गठ्ठे उसवले. मग, असा जंतू बोलता-खोकतानाही जखमेत उतरतो म्हणून, तुम्हा सगळ्यांच्या घशातले नमुने घेतले. तुझा स्वच्छ आला. किती मिरवलं गं मी, की आमच्या ताईच्या हातून असलं काही व्हायचंच नाही.

घसा दुखतोय हे तू कुणाला बोलली नाहीस. नमुन्याआधी गुपचूप गोळ्या घेतल्यास, नमुना स्वच्छ आल्यावर सोडून दिल्यास. जंतू मेले नव्हते, दबा धरून होते. आणि मास्क गळ्यात लटकवून, गप्पा मारत तू आईच्या पायाची जखम बांधायला बसलीस. तिच्या पायातला जंतू आणि दुसऱ्या तपासणीत तुझ्या घशात सापडलेला जंतू एकच निघाला, तेव्हा कुठे रडत कबूल केलंस. घरी बसवतील म्हणून घाबरले, म्हणालीस. बसवलं असतं. थोडे दिवस. त्यापायी आईचा पाय मांडीपासून गेला.

आता विचारतेस, हॉस्पिटलात आईला भेटायला येऊ का? नियमाने येऊ शकतेस. औषध पुरं झालंय, घसा स्वच्छ आहे, या वेळी मी स्वतः खात्री केली. डॉक्टर म्हणतात, ज्यांना यायचंय त्यांनी लवकर यावं, विष रक्तात भिनलंय.

आई सारखी दाराकडे बघते. तुझ्या घशाचं तिला मी सांगितलेलं नाही. तुला वाटेल, धाकटीला दया आली. अगं, सांगितलं असतं तर तिने तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं. आपली आई मला माहीत नाही का? म्हणून मी सांगितलं, ताईला तुझ्या जखमेची किळस येते, यायला नको म्हणते.

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतो का गं?"

साथीमुळे वॉर्डात कुणाला सोडायचं ते सध्या माझ्या सहीने ठरतं. येऊ नकोस.

आईपाशी बसलेली,
तुझी धाकटी