नाव न काढण्याची अट

पप्पा,

काका येऊन गेले. लंडनमध्ये एजवेअरला मुलाकडे राहायला आले आहेत आणि नकाशावर कार्डिफ जवळ दिसतं म्हणून ट्रेनमध्ये बसून मला भेटायला आले. तुमच्यानंतर आपल्या चर्चच्या मंडळीचा कारभार त्यांनीच पाहिला. मला मिशनरी म्हणून इथे पाठवताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही त्यांनीच केली. तेव्हा चौकशी करण्याचा त्यांना हक्क आहे, हे मी मान्य करते. जेवण झालं, तुमच्या आठवणी काढून झाल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "शेजारच्या बाईंना प्रभूविषयी काय काय सांगितलंस?" मी म्हटलं, "काही नाही." ते हसले. त्यांना वाटलं, मी विनयाने बोलते आहे. "खरंच काही नाही, काका. तिच्या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं आमचं ठरलंय." मग मात्र ते हसले नाहीत. "तुझे पप्पा असते तर पहिल्याच दिवशी देवाचं वचन ऐकवलं असतं," म्हणाले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्याशी भांडायला तुमचंच नाव पुढे केलं जातं. मग भांडण तुमच्याशीच होऊ दे.

हे मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. सकाळी तिला ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये सोडून आले. पोटातली गाठ काढायची आहे, वय झालेलं आहे, आणि डॉक्टरांनी धोका लपवलेला नाही. मूलबाळ नाही, म्हणून फोन करायला तिनं माझा नंबर दिला आहे. तो फोन यायचा आहे. तिचं मांजर समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे असं बघतंय की जणू मीच तिला कुठेतरी लपवून ठेवलंय. तिनं आयुष्यभर या शहरात बस चालवली. अजूनही माझ्या गाडीत बसली की सिग्नल यायच्या आधीच तिचा पाय ब्रेक दाबतो, आणि मी वेळेत थांबले नाही तर मला शिव्या बसतात. अशी आहे माझी मैत्रीण. तुम्हाला आवडली नसती. किंवा फार आवडली असती, आणि म्हणून तुम्ही तिला जास्तच उपदेश केला असता.

मी या गल्लीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी शेजारी अँब्युलन्स आली आणि बऱ्याच वेळाने, काही घाई नसल्यासारखी, निघून गेली. त्यावरूनच मला कळलं. तिचा नवरा गेला होता. पप्पा, मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची, जवळ बसायचं आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावायचे, एवढंच मला ठाऊक. इथे लोक दारातल्या फटीतून कार्ड टाकतात आणि दुःखातल्या माणसाला एकटं राहू देतात. त्यात त्यांचा आदर असतो. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी बेसन कालवलं, भाकऱ्या थापल्या, डबा फडक्यात बांधला आणि बेल वाजवली. तिनं दार उघडलं, डबा बघितला आणि म्हणाली, "मी काही मागवलं नाही, लव्ह. चुकीच्या घरी आलीस." मी म्हटलं, "नाही, बरोबर घरी आले." आणि चपला काढून आत गेले. आज आठवलं की अंगावर काटा येतो. या देशात असं कुणी करत नाही.

पिठलं बघून ती म्हणाली की हे तर भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं दिसतंय. मग चमच्याने सगळं खाल्लं. मी बसून राहिले. तिची नणंद आल्यावर मी उठले. अंत्यविधी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी शेजारीण स्वतः डबा परत करायला आली, रिकामा नाही, आत तिनं केलेला केक होता. तेव्हा तिनं विचारलं, "तू कामाला कुठे असतेस?" मी म्हटलं, "पलीकडच्या चर्चमध्ये. मी मिशनरी आहे." "कुणासाठी?" "तुमच्यासाठी," मी म्हटलं. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा मोठ्याने हसली असावी. हसणं ओसरल्यावर मात्र तिनं खुर्ची ओढली आणि तिच्या आईची गोष्ट सांगितली. आई लग्नाआधी गरोदर राहिली, तेव्हा तिला डोंगरातल्या त्यांच्या गावच्या चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं आणि बाहेर काढलं. लहानपणापासून जिथे ती गात होती, तिथूनच. तेव्हा पोटात होती ती माझी ही शेजारीण. "माझ्या जन्माआधीच मला हाकललंय," ती म्हणाली. "तू कधीही ये. पण त्याला माझ्या घरात आणायचं नाही. चालेल?"

आणि मी हो म्हटलं.

कोंबडा आरवण्याआधी ज्यानं आपल्या गुरूलाच नाकारलं त्या शिष्याची गोष्ट तुम्ही आता मला ऐकवाल. ऐकवा. तिच्या आईला ज्याच्या नावाने बाहेर काढलं, तेच नाव घेऊन मी तिच्या उंबऱ्यात कशी उभी राहणार होते? आणि त्याची मला लाज वाटते का, तर अजिबात नाही. रोज सकाळी मी त्याच्यासमोर गुडघे टेकते आणि मगच तिच्याकडे चहाला जाते. तिला तो कळावा असं मला किती वाटतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिला सांगावंसं वाटतं की तुझ्या आईला बाहेर काढलं ना, तेव्हा तोही तिच्याबरोबर बाहेर पडला, तो आत राहिलाच नाही. हे वाक्य कितीदा जिभेवर आलं आणि चहाबरोबर मी ते गिळलं. दिलेला शब्द होता. ज्यांनी तिचा विश्वासघात केला ते सगळे स्वतःला त्याचीच माणसं म्हणवत होते. एक तरी माणूस असं असावं की जे त्याचं आहे आणि शब्दही पाळतं.

तुमचं मत मला माहीत आहे, कारण ते मी ऐकून घेतलेलं आहे. सेमिनरीतून सुट्टीवर घरी आले होते. तुम्ही अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल घालत होता. मी म्हटलं, पप्पा, मला बाजारात उभं राहून बोलायचं नाही, मला लोकांशी मैत्री करायची आहे. तुम्ही वर न बघता म्हणालात, "मैत्री ही आपली हौस. सुवार्ता सांगणं ही आज्ञा. चहा पाजून कुणाच्या आत्म्याचं तारण झालेलं मी तरी पाहिलं नाही." आई आतून म्हणाली, "अहो, पोरगी कालच आलीय." तुम्ही पॅडल फिरवून बघितलं आणि विषय संपला. पुढच्या सुट्टीपर्यंत तुम्हीच संपलात. त्यामुळे त्या वादात शेवटचा शब्द तुमचा राहिला, आणि हे मला अजून सहन होत नाही.

इथे आल्यावर याच्या उलट मंडळी भेटली. मला एका प्रशिक्षणाला पाठवलं, तिथे मैत्रीच शिकवत होते. आधी ओळख वाढवा, मग जेवायला बोलवा, मग योग्य वेळ बघून विषय काढा. पडद्यावर बाण होते, एकातून दुसऱ्याकडे जाणारे. मी हात वर करून विचारलं, "आणि समोरच्याने विषय नको म्हटलं तर जेवायला बोलवायचं बंद करायचं का?" शिकवणारा भला माणूस होता, तो गोंधळला. त्यापेक्षा तुम्ही परवडलात, पप्पा. तुम्ही निदान सुवार्तेच्या पत्रिकांची झोळी खांद्यावर उघडी टाकून यायचात, लोकांना लांबूनच कळायचं की हे कशासाठी आलेत. मासा पकडायचा तर गळ दिसू द्यायचा नाही, ही हुशारी तुम्हाला कधी जमली नाही. ती मलाही जमवायची नाही.

पण काका जे म्हणाले ना, की तुम्ही पहिल्याच दिवशी देवाचं वचन ऐकवलं असतं, ते खोटं आहे. मी तिथे होते.

आपल्या शेजारचे गिरणीवाले आठवतात? भर बाजारात त्यांनी तुमच्या हातातल्या पत्रिका हिसकावून गटारात टाकल्या होत्या. तुम्ही त्या वेचून आणल्या, धुतल्या आणि अंगणात दोरीवर वाळत घातल्या. आईच्या साड्यांशेजारी. त्यांची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, "पिठलं टाक." टोपली तुम्ही स्वतः उचललीत आणि मला बरोबर घेतलंत. झोळी नेहमीसारखी खांद्यावर, आत पवित्र शास्त्र. ओट्यावर माणसं बसली होती. तुम्ही सरळ गिरणीवाल्यांजवळ जाऊन बसलात. भाकरीचा तुकडा मोडलात, पिठल्याला लावलात आणि त्यांच्या हातात दिलात. ते बराच वेळ तो हातातच धरून बसले. मग त्यांनी खाल्लं. तुम्ही तांब्या पुढे केलात. मी वाट बघतेय, आता तुम्ही शास्त्र काढणार, आता सुरू करणार. तुमचा हात झोळीकडे गेला, आणि परत गुडघ्यावर आला. कितीतरी वेळ तुम्ही तसेच बसून होता.

त्या संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तुम्ही म्हणालात, "प्रभू, तू संधी दिलीस आणि मी तोंड उघडलं नाही, क्षमा कर." मी डोळे उघडले. ती माझी जुनी खोड, आणि त्यासाठी मी पुष्कळ मार खाल्ला. एकदा मी विचारलंही होतं की तुमचे डोळे मिटलेले असतात, तर माझे उघडे आहेत हे तुम्हाला कळतं कसं? आई हसली म्हणून मला जास्तच बसला. तर त्या दिवशी मी डोळे उघडले आणि तुमचेही उघडे होते, भरलेले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि रागावला नाहीत.

गिरणीवाले ख्रिस्ती झाले नाहीत. पण तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी ते टोपली घेऊन आले, आईजवळ बसले आणि तिला दोन घास खायला लावल्याशिवाय उठले नाहीत. काका तेव्हा आतल्या खोलीत अंत्यविधीची गीतं निवडत होते. त्यांना काय माहीत असणार? मी त्यांना परवा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तो अपवाद होता." मी म्हटलं, "मी त्या अपवादामुळेच मिशनरी झाले, काका. तुमच्या नियमांमुळे नाही." ते दुखावले. जाताना मात्र माझ्या हातच्या चकल्या बांधून घेतल्या.

ज्यासाठी तुम्ही क्षमा मागितलीत ना, पप्पा, तेच मी आयुष्यभर करणार आहे. आणि क्षमा मागणार नाही.

काल दुपारी ती हॉस्पिटलची बॅग भरत होती. गाऊन घडी करता करता एकदम थांबली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी ते पिवळं घेऊन यायला तुला कुणी सांगितलं होतं? तुझ्या चर्चने?" मी म्हटलं, नाही. आणि तिला तुमची गोष्ट सांगितली, गटारातल्या पत्रिकांपासून झोळीकडे गेलेल्या हातापर्यंत. ती ऐकत राहिली. "तुझा बाप माझ्या आईच्या चॅपलमध्ये असायला हवा होता," म्हणाली. मग बॅगेची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. "हे बघ, मी घाबरलेय. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. पण तुझ्या भाषेत. म्हणजे मला पटवून घ्यायला नको."

अट तिची होती, तिनंच ती सैल केली. मी तिचा हात धरला आणि मराठीत प्रार्थना केली. ते गिळलेलं वाक्यही म्हटलं, तिच्या आईबरोबर बाहेर पडलेल्या त्याचं. तिला एक अक्षर कळलं नसणार. शब्द मात्र सगळे तुमचे येत होते, तुमचाच सूर, तुमचंच ते "हे दयाळू बापा", मध्येच घसा खाकरणंसुद्धा. तेवढं श्रेय तुम्ही घ्या.

फोन अजून आलेला नाही. आला की मला निघावं लागेल, म्हणून थांबते. हे कुठे पाठवायचं नाही, पाठवणार तरी कुठे? मांजराच्या खाण्याच्या डब्यामागे ठेवून देईन.

एक तेवढं सांगायचं राहिलं. काल प्रार्थनेत मी डोळे उघडले. तिचेही उघडे होते.