दहा ते दोनचा शत्रू

४ नोव्हेंबर

अकरा दिवस. सत्तावीस क्लिक. विक्री एकही नाही!

धंदा काय आहे ते एकदा लिहूनच काढतो, म्हणजे मला तरी पटेल. कोणी पाठदुखीबद्दल शोधायला बसलं की निकालांच्या डोक्यावर माझी चिमुकली जाहिरात दिसते — खुर्चीला लावायची उशी. उशी माझी नाही, कंपनीची. जाहिरातीवर कोणी क्लिक केलं की पैसे माझ्या खिशातून जातात. पुढे त्याने उशी घेतली तर कंपनी मला कमिशन देते. नाही घेतली तर मी दानशूर ठरतो.

बावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. शाळेने विषयच बंद केला. आता उशा.

साडूंचा फोन आला होता. "साडूभाऊ, छापखान्यात प्रूफं तपासायला माणूस हवाय. तुमच्यासाठी तीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो." मनाने चांगला माणूस. पण छापखाना इथून आठ तासांवर. तिकडे खोली घेऊन एकट्याने राहायचं, घरी महिन्यातून एकदा यायचं. हिची दंतवैद्याकडची रिसेप्शनची नोकरी इथे, हिची आई इथे. तीसपर्यंत उशांनी हात दिला नाही तर जावंच लागेल.

हिला एवढंच माहीत आहे — "ऑनलाइन काहीतरी चाललंय." काय विकतो ते बोललेलो नाही. जमलं की सांगेन. नाही जमलं तर आयुष्यभर उशीवरून टोमणे तरी नकोत.

६ नोव्हेंबर

लोकांनी काय शोधलं तेव्हा आपली जाहिरात दिसली, त्याची यादी मिळते. आज ती वाचली. हसावं की रडावं! उशीचे अभ्रे. उशी घरी कशी शिवावी. फुकट व्यायाम. एकाने विचारलंय, पाठीवर तीळ असणं शुभ की अशुभ — आणि त्या सद्गृहस्थाने क्लिकसुद्धा केलंय!

नको असलेले शब्द वगळायची सोय आहे. दुपारभर बसून एकेक वगळला. अभ्रा नको, फुकट नको, तीळ नको. नेति नेति. ऋषींना या वाटेने ब्रह्म सापडलं, मला एक गिऱ्हाईक पुरे.

९ नोव्हेंबर

मथळा बदलला. आधीचा होता "पृष्ठवेदनेवर शास्त्रशुद्ध उपाय". तीस अक्षरांची मर्यादा, सूत्रकार इथे सुखाने नांदले असते! पण "पृष्ठवेदना" हा शब्द महिन्याभरात किती जणांनी शोधला ते पाहिलं. एकाने. तो मी.

नवा मथळा: "बसून पाठ दुखते?" लिहिताना जीव तुटला, पण लिहिला.

११ नोव्हेंबर

एक विक्री! एक!! खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ही भाजी निवडत होती. "काय झालं हो, विंचू चावला का?" म्हणाली.

१२ नोव्हेंबर

आणखी एक.

१४ नोव्हेंबर

कोणीतरी आलंय.

तीच कंपनी, तीच उशी, तेच शब्द. आणि जागा माझ्या वर! मथळा: "उठताना कळ येते?"

दहादा वाचला. माझ्यापेक्षा बरा आहे. हे फक्त या पानाला सांगतो. मी बसलेल्याला विचारतो, हा उठणाऱ्याला विचारतो. दुखतं ते उठतानाच.

आज विक्री नाही.

१५ नोव्हेंबर

शत्रू बरोबर दहाला उगवतो आणि दोनला मावळतो. सूर्यसुद्धा इतका नेमाचा नाही. नेमके याच वेळात लोक कामाच्या खुर्चीत अवघडून उशी शोधतात. शहाणा आहे!

त्याच्या जाहिरातीवर आपण क्लिक केलं की त्याच्या खिशाला चाट. पुष्कळजण करतात म्हणे. मी करणार नाही. बावीस वर्षं पोरांना धर्माधर्म सांगितला, तो काय या उशीसाठी सोडू?

१८ नोव्हेंबर

वरची जागा लिलावाने मिळते. मी बोली वाढवली, तासाभरात त्याने वाढवली. मी परत, तो परत. दोघं मिळून लिलाववाल्याचं घर भरतोय! थांबावं हे कळतं. बोट ऐकत नाही.

हीही दवाखान्यातून तोंड पाडून आली. "काय गं?" "काही नाही. डोकं उठलंय." पुढे विचारायचं धाडस झालं नाही. माझं पितळ उघडं पडायचं.

२१ नोव्हेंबर

चार दिवस शून्य.

२५ नोव्हेंबर

पाप केलं.

सकाळी साडू — "पाच दिवस राहिले. हो की नाही ते सांगा, दुसरा माणूस विचारतोय." फोन ठेवला आणि दहा वाजायची वाट पाहिली. शत्रूची जाहिरात दिसताच क्लिक केलं. मागे आलो, पुन्हा केलं. पुन्हा. पान वाचलंसुद्धा नाही! चौथ्यांदा मागे यायला विसरलो.

उघडलेलं पान कंपनीचं नव्हे, शत्रूने स्वतः केलेलं. त्यावर एक फोटो. खुर्चीत बसलेल्या माणसाची पाठ. पोक काढलेला, मान कासवासारखी पुढे. म्हटलं, कुठून धरून आणला हा म्हातारा? मग खिडकीची तडकलेली काच दिसली. टेबलावरचा माझा संस्कृत शब्दकोश दिसला. स्वतःची पाठ माणसाने कधी पाहिलेली नसते.

खाली लिहिलेलं उतरवून ठेवतो —

"माझे यजमान दिवसभर बसून असतात. पाठ दुखते असं कधी म्हणत नाहीत. उठताना टेबलाचा कोपरा धरतात, आणि त्याआधी मी बघत नाही ना, ते बघून घेतात. मी बघते."

दहा ते दोन. हिची दवाखान्याची वेळ.

आणि मी तिच्या खिशात हात घातला. चार वेळा.

२६ नोव्हेंबर

माझी जाहिरात बंद केली.

२९ नोव्हेंबर

चहा गाळता गाळता ही एकदम म्हणाली, "गेला मेला एकदाचा!"

"कोण गं?"

"होता एक. रोज माझ्या डोक्यावर चढून बसायचा." मग सगळं एका दमात सांगून टाकलं — उशी, लिलाव, फोटो, तीन दिवसांत सहा विक्र्या. "रागावू नका हं. तुम्हाला तिकडे एकटं पाठवायचं नव्हतं मला. भावोजींना आजच कळवा, येत नाही म्हणून."

"कळवतो," म्हणालो.

कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "कोण होता कोण जाणे. पण लिहायचा बरं, हं."