प्रकृतिमान विचारात घेता

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, आणि वहिनीचा गुडघा आता तिला जिना चढू देत असेल, असं धरून चालते. फोनवर तू ‘हं’च्या पुढे जात नाहीस, म्हणून लिहायला बसले.

पाटीवाल्याची गोष्ट वहिनीनं सांगितली. पाच वर्षं पूल तपासणी मंडळाचा अध्यक्ष असलेल्या माणसाला आपली फेरनियुक्ती झालेली नाही हे कसं कळावं, तर नव्या अध्यक्षांच्या पाटीसाठी दाराचं माप घ्यायला माणूस आला म्हणून! आणि तू त्याचं स्टूल धरून उभा राहिलास म्हणे, तो पडू नये म्हणून. दादा, तू खरंच धन्य आहेस. खात्याचं दोन ओळींचं आभाराचं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं, तेही तुझ्या नावात चूक करून.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नियुक्त्यांची शाखा माझी असली तरी तुझ्या फाइलीला मी हात लावलेला नाही. अध्यक्ष माझा सख्खा भाऊ आहे, असं मी सुरुवातीलाच लिहून दिलं आणि बाजूला झाले. नियमानं तेच योग्य होतं. त्यामुळे आत काय झालं ते मला ठाऊक नाही. तिघांची समिती बसली, अकरा मिनिटांत उठली, एवढंच शिपायाकडून ऐकलं. चहा आत पोचायच्या आधीच बैठक संपली होती, असं तो सांगत होता.

आमच्याकडे सगळं ठीक. मला बढती मिळाली. तीन वर्षं रखडली होती, ती एकदाची झाली. पेढे वगैरे काही वाटले नाहीत, अशा वेळी काय वाटायचं.

गोळ्या वेळेवर घे. आणि त्याविषयी कुणाशी बोलत बसू नकोस.

तुझी,
बारकी

१९ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पाकीट मिळालं. पत्र नव्हतंच आत, नुसती खात्याच्या उत्तराची प्रत आणि समासात पेन्सिलीनं एक प्रश्न. तुझं अक्षर इतकं बारीक कधी झालं?

तू कारणं मागणारा अर्ज केलास हे बरं केलंस. आमच्याकडे त्या अर्जानं केवढी पळापळ झाली! मुळात नियमात एकच ओळ आहे : काम समाधानकारक असल्यास अध्यक्षांना आणखी एक मुदत देता येईल. समाधान कुणाचं, ते कसं मोजायचं, ते कुणी जाहीर करायचं, याविषयी चकार शब्द नाही. आधी तुला ‘गोपनीय’ म्हणून वाटेला लावलं. तू अपिलात गेलास तेव्हा हे एक वाक्य दिलं : ‘एकूण मूल्यांकन व प्रकृतिमान विचारात घेता फेरनियुक्तीची शिफारस करता येत नाही.’

मागच्या पत्रात मी म्हटलं होतं की मला काही ठाऊक नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. तुझा पहिला मूल्यांकन तक्ता मीच टाइप केला होता. सात मुद्दे, प्रत्येकाला दहा गुण. तपासलेले पूल, वेळेत दिलेले अहवाल, अहवाल लोकांसमोर ठेवणं, असे. सत्तरपैकी एकसष्ट मिळाले होते तुला. मी तो छापून साहेबांकडे नेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आता या फाइलीतून बाजूला व्हा. भाऊ आहे तुमचा. उद्या कुणी बोट दाखवायला नको.” म्हणजे ते सुचलं त्यांना, मला नाही. मला मात्र तेव्हा आपण किती नीतीनं वागतोय असं वाटलं होतं.

नंतर शेजारच्या टेबलावर दुसरा तक्ता तयार झाला. मुद्दे सातांचे चार झाले. अहवाल लोकांसमोर ठेवण्याचा मुद्दा गेला आणि ‘वरिष्ठांशी समन्वय’ आला. चाळीसपैकी एकोणीस. नदीवरचा तो नवा पूल तू पाच आठवडे बंद ठेवलास आणि वर कुणी वाचायच्या आत तड्यांच्या फोटोंसकट अहवाल संकेतस्थळावर टाकलास. तो समन्वय त्यांना झोंबला होता. नव्या अध्यक्षांविषयी मला काही म्हणायचं नाही. चांगले असतीलही. त्यांच्या वेळी ना जाहिरात, ना मुलाखत, ना तक्ता. एक फोन.

आता तुझा पेन्सिलीतला प्रश्न. ‘माझ्या आजाराचं त्यांना कुणी सांगितलं?’

मला काय माहीत? दवाखान्यातल्या बातम्या बाहेर फुटतात. आणि रागावू नकोस, पण वहिनीलाही विचारून बघ. तू घरी बसावंस असं ती कधीची म्हणत होती. बायकाबायकांत बोलताना एखादा शब्द जातो तोंडातून.

जपून राहा.

तुझी,
बारकी

११ मे

दादा,

नमस्कार लिहायची लाज वाटते.

काल वहिनी ऑफिसात आली होती. वर आली नाही, गुडघ्यामुळे. खाली चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून तिनं निरोप धाडला. मी गेले तर कागदाचा चोळामोळा करावा तसा चेहरा झालेला. म्हणाली, “अठरा दिवस झाले, तुझा दादा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो, उठतो. मी शप्पथ घेऊन सांगितलं की मी कुणाला एका शब्दानं बोललेले नाही. तर म्हणाला, मग भिंतींनी सांगितलं का? तूच समजाव गं त्याला, तुझं ऐकतो तो.”

तुझं ऐकतो तो. हे ती मला म्हणाली, दादा. मी तिला पाणी आणून दिलं.

मीच सांगितलं होतं साहेबांना.

जानेवारीतली गोष्ट. पहिला तक्ता दिल्याला आठवडा झाला होता. साहेबांनी खोलीत बोलावलं, बसा म्हणाले. सतरा वर्षांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. चहा मागवला. म्हणाले, “दादासाहेब फार राबतात हो. या वयात पुलाखाली शिडी लावून स्वतः चढतात, हातोडीनं ठोकून कान लावतात. तब्येत बरी असते ना? काळजी वाटते.” मी फाइलीतून बाजूला झाले होते ना, मग भावाविषयी बोलायला काय हरकत? मी सांगून टाकलं. छातीत दुखल्याचं, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घातल्याचं, तू दोन रात्री दवाखान्यात राहून तिसऱ्या दिवशी पुलावर गेल्याचं, सगळं. तू मला कसं सांगितलं होतंस तेही आठवत होतं मला : “बारके, हे आपल्या चौघांत. मी, वहिनी, डॉक्टर आणि तू.”

त्यांनी फसवून काढून घेतलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी काही कुक्कुलं बाळ नाही. फेरनियुक्तीची फाइल टेबलावर असताना तब्येत कशाला विचारतात हे मला न कळायला मी काल नोकरीला लागलेले नाही. कळलं होतं. सांगताना मध्येच कळलं, आणि मी थांबले नाही. आपल्याजवळ असं काही आहे जे या माणसाला हवंय, याचं मला बरं वाटत होतं. बारा दिवसांनी माझ्या बढतीचा आदेश निघाला. त्यासाठी माझं कुठलं मूल्यांकन झालं, कोणत्या समितीनं केलं, मी विचारलं नाही. तू कारणं मागत होतास, आणि मी विनाकारण मिळालेलं गुपचूप घेऊन बसले होते.

आणि मग मी ते वहिनीवर ढकललं. हे सगळ्यात वाईट. तू सत्तर पूल फिरलास, पण तुझ्या डब्यामागे जी कधी दमली नाही, तिच्यावर.

काल त्या बाकावरच तिला सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “मला रिक्षा करून दे.” करून दिली.

आज सकाळी, त्या एका वाक्याविरुद्ध तू केलेल्या दुसऱ्या अपिलाची सुनावणी होती. तू आला नाहीस, वकीलही दिला नव्हतास. मी गेले. दोन्ही तक्ते दिले, कोणता कधी झाला ते सांगितलं, साहेबांच्या खोलीतलं बोलणं सांगितलं, आणि माझ्या बढतीचं मला कुणी विचारलं नसताना सांगितलं. साहेब समोर बसले होते. ते एवढंच म्हणाले, “यांचा या प्रकरणाशी संबंध काय? यांनी तर स्वतःच लिहून दिलंय की त्या बाजूला आहेत.” अपील अधिकाऱ्यांनाही क्षणभर ते पटलं असावं. मग त्यांनी तक्ते शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ वाचत राहिले.

निकाल लगेच दिला. दोन्ही तक्ते आणि समितीचं इतिवृत्त तुला आठ दिवसांत मिळेल. पुढच्या नियुक्तीच्या वेळी मुद्दे आधी जाहीर करावेत, अशी त्यांनी ‘अपेक्षा व्यक्त केली’. आदेश नाही, अपेक्षा. झालेली नियुक्ती त्यांना रद्द करता येत नाही, तो त्यांचा अधिकार नाही. म्हणजे खुर्ची गेली ती गेली, दादा. तुला तुझे एकसष्ट गुण टपालानं येतील. माझ्या टेबलावर दुपारीच नोटीस आली : गोपनीय कागद बाहेर दिल्याबद्दल खुलासा करावा. साहेबांना मात्र कुणी काही विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही.

मी हे केलं म्हणून माझं आधीचं पुसलं जाईल असं मला वाटत नाही. तुलाही वाटू देऊ नकोस. तू मला ओळखतोस, माझ्यावर दया करायला तुला वेळ लागत नाही. या वेळी लाव.

मला उत्तर लिहू नकोस. हे पत्र खाली ठेव आणि आधी वहिनीशी बोल.

तुझी बहीण