कन्नडची शिक्षिका

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता वर्गात नसते. चार तालुक्यांतल्या शाळांत, ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या, सावकाश शिकणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षक पाठवायचं काम माझ्याकडं आहे. शाळा फार, शिक्षक थोडे. दिवस एसटीत आणि बैठकांत जातो. संध्याकाळी मुकुंदवाडीला घरी पोचले की कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

गारखेड्यात तुमच्या कर्णबधिर शाळेत मी नवीन होते, तेव्हा एकदा फळ्याकडं तोंड करून शिकवत होते. तुम्ही मागून येऊन खांदे धरून मला मुलांकडं वळवलंत. "पाठीला ओठ नसतात गं," म्हणालात. मी दिवसभर धुमसत राहिले. मधल्या सुट्टीत तुम्ही अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवलीत.

मागच्या महिन्यात वरून सांगणं आलं, कन्नड तालुक्यातली शिक्षिका शेजारच्या तालुक्यात हलवा, तिथं कुणीच नाही. तिला ते सांगायला मी कन्नडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत गेले. ती एका ऐकू न येणाऱ्या मुलीसमोर मांडी घालून बसलेली, दोघींचे हात भराभर चाललेले. मुलीची आई दारात उभी होती.

"पहिलं नुसती पदर ओढायची," आई म्हणाली. "काय पायजे ते कळायचंच नाय. परवा हातानं सांगितलं, पोट दुखतंय. किती दिवसाचं दुखत असंल, मला काय ठावं?" मग हळूच, "ह्या बाईला नेणार म्हणत्यात, व्हय?"

"नाय नेणार," मी म्हणाले, आणि म्हणून गेल्यावर मला कळलं की आता ते खरं करावं लागणार.

शिक्षिका हलवणार नाही म्हटल्यावर आमच्या साहेबांनी विचारलं, "मग तिकडच्या मुलांचं काय?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, दर गुरुवारी मी जाईन. "एका दिवसानं काय होतं?" ते म्हणाले. "तरी जाईन," मी म्हणाले. त्यांनी ताणलं नाही.

आता गुरुवारी तिकडं जाते. तिथंही एक आई लेकीला कडेवर घेऊन येते. निघताना विचारते, "उद्या येताव का?" पुढच्या गुरुवारी, मी म्हणते. "तवर इसरंल की ती," ती म्हणते, आणि तसंच होतं. दर वेळी पहिल्यापासून.

हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते बाई. या गुरुवारी तिकडं जायला स्टँडवर उभी होते, तेव्हा गाडी येऊच नये असं मला वाटत होतं.