म्हाताऱ्या, पूल आला

बारावा महिना, सत्तावीस. वूचौ, दुपार कलल्यावर

पोचले! सकाळी फोशान सोडलं आणि उजेड असतानाच वूचौ गाठलं. बासष्टाव्या वर्षी, एकटी, एकशेपंचवीसच्या मोटरसायकलवर. कंबर दगड झालीय, पण मन मजेत आहे. धर्मशाळेवाली म्हणाली, आजी, हाडं मोडायची हौस आहे का? मी म्हटलं, माझी मोडू देत, तू तुझा चहा गरम कर.

श्याओमान, तू म्हणालीस रोज लिही, म्हणून लिहिते. दोन हिवाळे शाळेत गेलेल्या बाईचं अक्षर आहे. हसलीस तर कान पिळीन.

पूर्वी नव्या वर्षाच्या तोंडावर ह्या रस्त्यावर घरी निघालेल्या मोटरसायकलींची रांग संपायची नाही. आता सगळे रेल्वेनं जातात. मीही गेले असते. पण मोठे भावजी, तुझे मोठे आजोबा, फोनवर म्हणाले, रेल्वे पेटी आणेल, त्याला नाही आणणार. मेलेला माणूस तेवढा पळत नाही. मागच्या महिन्यात तुझा आजोबा फरशीच्या भट्टीवर बसल्या जागी गेला. त्याच्या राखेची पेटी लाल फडक्यात बांधून मागच्या कॅरिअरवर ठेवलीय. त्याला वाट दाखवायला पुढं टोपलीत पांढरा कोंबडा. कोंबड्याला वारा लागतो म्हणून माझा मफलर गुंडाळलाय. म्हाताऱ्याला कधी दिला नव्हता.

भावजींनी एक गोष्ट बजावून सांगितलीय. मेलेला माणूस पाण्यापाशी अडतो. पूल आला की थांबायचं, पूर्ण नाव तीनदा घ्यायचं आणि सांगायचं, पूल आला, मागं बस.

आता नाव! त्रेचाळीस वर्षांत मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. ए म्हाताऱ्या म्हटलं की यायचा, तिशीत होता तेव्हाही यायचा. पहिलाच पूल शीच्यांग नदीचा, मोठा; मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, तिथं नाव घेत कोण बसणार? मी ओरडले, ए म्हाताऱ्या, पूल आला, बस मागं, मला वेळ नाही. आणि बसला की! मागचं चाक कचकन दबलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्यावरही गेली नाही, धप्पकन बसायची. पुढच्या चार पुलांवर तशीच हाक मारली.

तिसाला, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, घरी. तू पुलाच्या घराकडच्या टोकाला उभी राहून त्याला हाक मारायचीस, घरात धाकटी म्हणून तो मान तुझा. तुझी हाक लागली तरच तो उंबरा ओलांडेल आणि आपल्यात जेवायला बसेल. नाहीतर पुढचं वर्षभर रस्त्यावर. तेव्हा भाजलेल्या भोपळ्याच्या बिया कमी खा, घसा जपून ठेव.

अठ्ठावीस. गुइलिनच्या अलीकडे

सकाळपासून भुरभुर पाऊस. रस्त्याकडेच्या मंडपात मोटरसायकलवाल्यांना आल्याचा काढा देतात. एक टकला गृहस्थ ओतत होता. म्हणाला, आजी, तुमच्या मंडळींनाही बोलवा की, भिजतायत बिचारी. मी म्हटलं, माझी मंडळी पेटीत आहे. तो हसला नाही. गाडीकडे बघत राहिला, मग पेला विसळायला आत गेला तो बाहेर आलाच नाही.

गाडीपाशी गेले. सीट भिजून चकचकत होती, पण मागच्या बाजूला एक जागा कोरडी ठणठणीत. माणूस बसतो तेवढी. म्हटलं, म्हातारा बसलाय. मग कॅरिअरकडे नजर गेली. पेटीवरचं फडकं कडेनं चिंब आणि मधोमध कोरडं.

म्हणजे पेटीवरही कुणीतरी.

तुझा आजोबा स्वतःच्या राखेवर बसणाऱ्यातला नव्हे. त्याला कुणी उशीवर बसलेलं खपत नसे.

गाडी जड झालीय. चढावर दुसऱ्या गिअरवर रडते. टायरवाल्यानं हवा भरायला घेतली आणि म्हणाला, मावशी, आधी उतरा तरी. मी उतरले. गाडी तसूभरही वर आली नाही. त्यानं वाकून गाडीखाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, हवा भरलीय, जा. भरली नव्हती.

कोंबडा आता पुढं बघत नाही. टोपलीत उलटा फिरून बसलाय, माझ्या खांद्यावरून मागं बघतो. मान हलते त्याची. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे.

आज सहा पूल झाले. सहाही ठिकाणी हाक मारली. आता वाटतं, नसती मारली तर बरं.

एकोणतीस. सांच्यांगचा डोंगर, सकाळ

टपरीमागं उभी राहून भावजींना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, नाव घेतलंस ना? मी म्हटलं, ए म्हाताऱ्या म्हणून हाक मारली.

म्हणाले, बाई, ह्या रस्त्यावर घरी जाता जाता मेलेल्यांची काय कमी आहे? ज्यांना न्यायला कुणी आलं नाही ते पुलाच्या तोंडाशी कान लावून बसलेले असतात. तू म्हातारा म्हणालीस. त्यातले निम्मे म्हातारेच. ज्याला घाई, तो चढला.

मी विचारलं, आणि आपला?

म्हणाले, तो नावाची वाट बघत उभा असेल. भिडस्त माणूस.

पहिल्याच पुलावर. दोन दिवस झाले. भिडस्त गाढव.

जिथं चढले तिथंच उतरतील, तू परत फिर, असं भावजी म्हणत होते तेवढ्यात फोन बंद पडला. कालच्या पावसात भिजलेला, नंबर सगळे त्यातच. श्याओमानला उद्या घरात कोंडून ठेवा, हे सांगायचं राहिलं.

एकोणतीस, दुपार

गाडी वळवली. तोंड दक्षिणेला केलं की इंजिन मरतं. चारदा करून बघितलं. घराकडे केलं की किल्ली फिरवायच्या आधीच धडधडायला लागतं.

त्यांना घरी जायचंय. कुणाच्याही.

मग नाव घेतलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून, तीनदा. ल्याओ देशेंग. ल्याओ देशेंग. ल्याओ देशेंग. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. जीभ अडखळली.

कुणी ओ दिली नाही. फक्त मागं सगळे एकदम गप्प झाले. तेव्हा मला कळलं की इतका वेळ ते बोलत होते.

एकोणतीस, उजेड जाताना

आज चार पूल. एकाही पुलावर तोंड उघडलं नाही. तरी चारही ठिकाणी चाक दबलं —

आता मी नाही बोलवत. बसलेलेच बोलावतात.

तीस. सकाळ

पाऊस. माझ्या दोन हातांच्या मधली पेट्रोलची टाकी वरून कोरडी आहे. लहान पोराला पुढं घेतो ना, तिथं. हँडल धरलं की मनगटांना गार लागतं.

कोंबडा माझ्या कोटात डोकं खुपसून बसलाय.

तीस. नंतर

गाडी सोडून दिली. राखेची पेटी काखेत घेतली आणि श्याओमानला अडवायला पायी निघाले. वळणावर मागं बघितलं. गाडी मागून येत होती. इंजिन बंद. वर कुणी नाही. चाक दबलेलं.

पेटी परत कॅरिअरवर ठेवली. अशीही मागं येणारच, वर बसले तर निदान काय चाललंय ते दिसेल — बसले —

तीस. गावचा पूल

पुलाअलीकडे गाडी आपणच थांबली. पलीकडे धुराडी चालू आहेत, खारवलेल्या डुकराचा वास येतोय. फटाके वाजतायत. पुढं जात नाही गाडी. उतरले, तर मलाही पुढं पाऊल टाकू देत नाहीत, कोट मागून धरलाय. घरच्या पुलावर घरच्या माणसाची हाक लागते. कुणाची वाट बघतायत ते मला ठाऊक आहे.

श्याओमान, ही वही दगडाखाली ठेवते. मोठ्या आजोबांना वाचून दाखव. तुझा आजोबा शीच्यांगच्या पुलावर उभा आहे. त्याला आणायला कुणीतरी जा. पूर्ण नाव घ्या, तीनदा, घाई करू नका, ट्रकवाले बोंबलू देत. आणि आज हाक मारू नकोस. आजोबा म्हणून तर मुळीच नको. इथं सगळेच कुणाचे ना कुणाचे —

पलीकडे पावलं वाजतायत.

लाल जाकीट. नवीन. तीच आहे. इतक्या लवकर कशी —

हात हलवून जा म्हणते तर तिला वाटतं बोलावतेय. धावत सुटली. ओरडायचंय — आवाज फुटत नाही. जन्मभर चाललं तोंड, आज —

मागं सगळे गप्प झाले. टाकीवरचा पुढं वाकला —

पुलाच्या पलीकडच्या टोकाशी थांबली. शहाणी पोर, भावजींनी सांगितलं तिथंच थांबली. घसा जपलाय. दोन्ही हात तोंडाशी नेले — नको — श्याओमान, नावानं — म्हणतेय — आजो