कडू लागलेला पाला

धर्मापुरी, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५५

चि. बंकटास जानकीअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे खुशाली हाय, पण कशी ते वाच.

परवा सूनबाई शिवकन्या कापूस वेचताना ओरडली, पायाला कायतरी डसलं. साप असंल म्हणून मी लिंबाचा पाला चावायला दिला. लई कडू लागला म्हणाली. कडू लागला म्हंजे विष न्हाई, म्हणून मी तिला सावलीत बसवलं. तेवढ्यात अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा बसला, श्वास शिट्टीवानी वाजू लागला आणि ती कोसळली.

लशीच्या दौऱ्यावरचे डॉक्टर चावडीत होते, धावत आले. तिला आडवं करून पाय उचलून धरायला लावले, सुई टोचली. मी तांब्याभर पाणी आणेपर्यंत श्वास मोकळा. बंकट, गेलेलं माणूस परत येताना मी पाहिलं. साप नव्हे, गांधीलमाशी, असं ते म्हणाले. गेल्या साली पण डसलती, तवा नुसता हात सुजलता. एवढ्याशा माशीनं असं कशापायी व्हावं?

आपल्या आईचंही असंच झालतं. पाला मीच चारलता, आणि कडू लागला म्हणून निजवलं, ती उठलीच न्हाई. तू पाच वर्षांचा होतास. तू दवाखान्यात कामाला हायस, खरं काय ते लिही. तुझा जीव सांभाळ.

हैदराबाद, मार्गशीर्ष वद्य २

ती. अक्कास बंकटचा सा. न. वि. वि.

पत्र दवाखान्यात वाचलं. हातातली बाटली फुटली, साहेबांनी झापलं.

अक्का, माशीचं विष थेंबभरही नसतं. पण काहींचं अंग पहिल्या डंखाला ते ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी आपलंच अंग आपल्यावर उलटतं. मी रोज औषधं देतो, तरी याचं नवल सरत नाही. डंख एकीकडे आणि गांधी सगळीकडे, वर श्वास कोंडला, की पाला चारत बसू नका. आडवं करा, डॉक्टर गाठा. त्या सुईतलं औषध जनावराच्या मूत्रपिंडावरच्या गाठीतून काढतात.

आईलाही माशीच डसली असावी. तू वैद्य बोलावला नाहीस, हे मी इतकी वर्षं मनात धरलं होतं. पण तेव्हा आपल्याकडे ही सुईच नव्हती, वैद्य येऊन काय करता? माझं चुकलं, अक्का. धाकट्यावरची माया कमी करू नकोस.

धर्मापुरी, मार्गशीर्ष वद्य १२

चि. बंकटास आशीर्वाद. तुझं पत्र शिवकन्येनं वाचून दाखवलं. माझ्यानं पुढं वाचवेना.

तू मनात धरलंस ते मला ठाऊक होतं. मीही तेच धरलं होतं.

पाडव्याला रजा काढून ये. आई गेल्यापासून लिंबाचं पान मी तोंडात घातलं न्हाई, पाडव्यालाही न्हाई. ह्या खेपेला तुझ्या हातून खाईन.

वाट पाहणारी,
जानकीअक्का